तांदूळ उत्तम निघाला

"नको म्हणायचं तर मला समोर बसवून म्हणा," असं गुलफशा रुग्णालयाच्या कारकुनाला फोनवर म्हणाली, तेव्हा तिचे अब्बा नजीर गादीत कापूस भरत होते. पोरगी मोठ्या माणसांशी असं बोलते, याची त्यांना धास्ती वाटली.

सर्जरीत एम.एस. झालेली गुलफशा सक्तीच्या सेवेच्या बॉण्डपायी वेल्ह्यापलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात अडकली होती. तिथं भूल देणारा डॉक्टर नाही, म्हणून ऑपरेशन नाही. गळवं फोडायची, कोयत्याचे घाव शिवायचे. शिकलेलं सगळं गंजत चाललं होतं. बॉण्ड आता संपत आला होता आणि पुण्यातल्या एका बड्या रुग्णालयात सीनियर रेसिडेंटची एकच जागा निघाली होती. तिथंच शिकलेल्यांना विभागप्रमुख समोर बोलावणार, बाहेरच्यांची मुलाखत मोबाईलवर.

"तुमच्याच सोयीसाठी, मॅडम," कारकून म्हणाला.

दवाखान्याच्या डोंगरात रेंज नाही, म्हणून मुलाखतीच्या दिवशीही ती भोरला घरी आली. पुस्तकांना मोबाईल टेकवून तिनं दार लोटलं.

बाहेर नजीरना चैन पडेना. ते बायकोला म्हणाले, "बानो, एवढी मोठी मानसं घरात आली अन् बाप भाईर बसला, तर काय म्हनतील?"

"अवो, मोबाईलात हायेत ती!"

"पन घर आपलंच दिसतंय न्हवं त्यांना?"

टोपी घालून, अंगावरचा कापूस झटकून ते आत शिरले. पीळ पडलेल्या आतड्याचं गुलफशा नुकतंच सांगू लागली होती. पडद्यावर तीन चेहरे. नजीरनी वाकून सलाम केला.

"साहेब, हितं असता तर च्या तरी झाला असता."

तिघं खळखळून हसले. प्रमुखांनी इकडच्या इंद्रायणी तांदळाची चौकशी केली. "त्यात काय साहेब, पाठवतो की!" नजीर म्हणाले. मग वेळ संपली. आतडं अर्ध्यावरच राहिलं.

"मानसं दिलखुलास हायेत," नजीर बानोला म्हणाले. दिला शब्द पाळायचा, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या टेम्पोतून पोतं धाडलं. लेकीला सांगायचं त्यांना सुचलंही नाही.

आठवड्यानं ती घरी असताना कारकुनाचा फोन आला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"जागा आमच्याच एका मुलाला दिली, मॅडम. सरांनी त्याला समोर बघितलं होतं ना. आणि हो, सर म्हणाले, तांदूळ उत्तम निघाला. अब्बांना सांगा."

"बघ, आवडला त्यांना," नजीर बोलून गेले. मग त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि हातातला कापूस तसाच धरून उभे राहिले.

गुलफशानं मोबाईल पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या आणि ती पुण्याची एसटी पकडायला बाहेर पडली.