धुऱ्यावरची झडती

नव्या तंत्रज्ञानाने शेतकऱ्याला निसर्गाच्या लहरीतून कायमचं मुक्त केलं आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुलतानपूरच्या एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून माझी ओटी झटकत होते.

बीटी कापसाच्या बियाण्याचा प्लॉट होता. सुट्टी झाली की आम्हा बायकांची झडती. नराची कळी चोरून दुसऱ्या कंपनीला विकू, ही कंपनीला भीती. त्या दिवशी कंपनीचे पुण्याचे साहेब आले होते. ते वाक्य त्यांचंच. प्लॉट सांभाळणारा ऑर्गनायझर गावचाच, पण साहेबांपुढे त्याला चेव आला.

"झटका वं ओट्या. या बायायचा भरोसा नाही, साहेब."

माझ्या ओटीतून भाकरीचा तुकडा पडला.

"हे काय, नवीन वाण?" साहेब म्हणाले आणि हसले. ऑर्गनायझरही हसला. मी तुकडा उचलला नाही.

हे बियाणं होतं कसं, ते सांगते. दुपारनंतर मादीची कळी अंगठ्याच्या नखाने सोलायची. दुसऱ्या सकाळी तिच्यावर नराचं फूल घासायचं. ती सकाळ हुकली की कळी गळते. पुढे मी भांडवलशाहीच्या भविष्यावर जाडजाड पुस्तकं वाचली. यंत्रं भरपूर. नख कुठेच नाही.

घरी जाताना मी एवढंच म्हणाले, "उद्या बसू."

"बसू," रुखसाना आपा म्हणाल्या. आमच्यात सगळ्यात थोरल्या. "पाय बी लय दुखून राह्यले."

सकाळ झाली. आदल्या दिवशी सोललेल्या कळ्या वाट पाहत होत्या. आम्ही धुऱ्यावर बसून.

"काऊन बसल्या वं?" ऑर्गनायझर धावत आला.

"साहेबाले बलाव," आपा म्हणाल्या. "खिसे झटकू दे. मंग हात लावतो."

"पागल झाल्या का?"

"ऊन चढून राह्यलं, भाऊ."

साहेब मेहकरला मुक्कामी होते. गाडी घेऊन आले. मी उभी राहिले.

"आमचा भरोसा नाही ना तुमाले? आमाले बी तुमचा नाही. झटका."

त्यांनी कळ्यांकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग खिसे उलटे केले. मी हसले, मुद्दाम, त्यांना ऐकू जाईल असं. माफ तेव्हाही केलं नाही, आजही नाही. तिथेच ठरवलं: ज्याला माझं नख हवं, त्याने आधी माझ्यापुढे खिसे उलटे करायचे. नाहीतर गळू दे कळ्या. प्लॉटवर आलेल्या प्रत्येक नव्या बाईला मी कळी सोलण्याआधी हे शिकवलं.

"मांगचा खिसा राह्यला," त्या सकाळी मी साहेबांना म्हणाले.

मागच्या खिशातून अंगाऱ्याची पुडी पडली.