सावकाश निघणारी स्कूटर

माझा नवरा, सुहास, गेल्यानंतर त्याची इलेक्ट्रिक स्कूटर मी पहिल्यांदाच गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला आणि तो थबकला.

"ताई, बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा यातला इन्व्हर्टर व्होल्टेज फारच हळूहळू वाढवतोय, म्हणून गाडी सावकाश निघते. कुणीतरी मुद्दाम सेटिंग बदललंय. पूर्वीसारखं करू?"

सुहास याच कामातला इंजिनिअर होता. गाडी सुटतानाच्या झटक्याला मी घाबरायचे, हे त्याला ठाऊक होतं. पण सेटिंगबद्दल तो कधी काही बोलला नव्हता. माणूस गेल्यावर त्याचा हात कुठे कुठे उरतो, कोण जाणे.

"राहू दे," मी म्हणाले.

परतताना सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत पुढे गेले. मी मूठ पूर्ण पिळली, तरी गाडी त्याच्याच मनाने निघाली. मागच्या सीटकडे वळून बघायचा मला धीर झाला नाही.