शशिकलाताईंचा राहिलेला प्रश्न

डिसेंबर संपत आला होता. बाळकुमच्या नव्या घरात मी कपाट लावत होते, तेवढ्यात ठाण्याजवळच्या दिव्यातल्या जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. शशिकलाताई गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. फोन हातात धरून मी तशीच पलंगावर बसले... आदल्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलणं झालं होतं. "आमदारांच्या कार्यक्रमाला येतेयस ना? या वेळी लवकर जाऊ, पुढे बसू," म्हणाल्या होत्या. दिवा सोडलेल्या बाईला दिव्याच्या कार्यक्रमाला बोलावणाऱ्या त्या एकट्याच.

आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. ताई वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. साहेबांसाठी फोन लावायचा आणि पलीकडचा माणूस लाइनवर येईपर्यंत सोडायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. कुठल्याही कचेरीत कुणी "नंतर या" म्हटलं की ताई शांतपणे म्हणायच्या, "मी थांबते." आणि खरंच बाकावर बसून राहायच्या. बरोबर गेलेल्या माणसाला लाज वाटायची, त्यांना कधी नाही.

दर जानेवारीत आमदारांचं गुळगुळीत कागदावरचं रंगीत पुस्तक घरोघरी येतं. वर्षभरात मतदारसंघात काय काय केलं, त्याचं. रस्ते, उद्यानं, उद्घाटनं, आणि प्रत्येक पानावर साहेबांचा हात जोडलेला फोटो. आमच्या भागासाठी एक ओळ ठरलेली असते, 'पाणीपुरवठा योजनेचे काम प्रगतिपथावर'. आम्ही राहायला गेलो तेव्हा ती होती, मी दिवा सोडलं तेव्हाही होती. मधल्या काळात ताईंचे केस पांढरे झाले, त्यांची मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली. नळाला पाणी आलंच तर करंगळीएवढं, नाहीतर टँकर. टँकर आला की भांडणं. एकमेकींची पोरं सांभाळलेल्या बायका पाइपासाठी एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. मला टँकरपेक्षा त्याचा राग यायचा. ताई म्हणायच्या, "अगं, त्यांच्यावर काय चिडतेस? ज्याच्यावर चिडायचं तो वर्षातून एकदा येतो."

त्याचं ते एकदा येणं म्हणजे मैदानातला 'नववर्ष संवाद'. पुस्तकात छापलेलंच साहेब तिथे बोलून दाखवतात आणि शेवटी थोडा वेळ लोकांचे प्रश्न. ताईंनी पहिल्यांदा माईक घेतला तेव्हा मी शेजारी होते. पाणी कधी येणार, एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, "लवकरच, ताई." त्यावर ताई म्हणाल्या, "लवकरच म्हणजे कधी ते सांगा. मी थांबते." आणि उभ्याच राहिल्या. लोक हसले, साहेबही हसले, कार्यकर्त्याने गोड बोलून माईक काढून घेतला.

पुढच्या जानेवारीत साहेबांनीच त्यांना ओळखलं. "या आमच्या जागरूक भगिनी, त्यांना स्टेजवर घ्या." ताई वर गेल्या. शाल आली, गुच्छ आला, फोटो निघाला, दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. माईक मात्र खालीच फिरत राहिला. परतताना तळमजल्याचा दिनेश म्हणाला, "ताई, शाल मिळाली ना? मग आता पाणी कशाला?" तो मस्करीत बोलला असेल, पण ताई घरी येऊन रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. "मला वाटलं, वर गेले तर ऐकतील रे..." त्या नवऱ्याला, विलासभाऊंना, सांगत होत्या. त्यानंतर त्यांनी वर जायला साफ नकार दिला. "मला खालीच बसू द्या. वर माईक येत नाही," असं कार्यकर्त्यांना तोंडावर सांगितलं. मग झालं काय, खालचा माईकही त्यांच्या रांगेपर्यंत यायचा बंद झाला.

पाण्यापायी त्या गेल्या असं मी म्हणणार नाही. हृदयविकार होता, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं. पण डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केल्यावरही लिफ्ट बंद असेल त्या दिवशी त्या कळशी घेऊन चढत होत्या, हे मी पाहिलेलं आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बिल्डिंगच्या गच्चीवर झाला. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. आमदारांच्या ऑफिसातून हार आला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत 'संवाद' होता. मी बाळकुमहून मुद्दाम गेले, पुढे बसले. ताईंचा प्रश्न मी विचारणार होते, शब्दसुद्धा त्यांचेच. साहेबांनी सुरुवातीलाच ताईंचं नाव घेतलं, सगळ्यांना उभं केलं. मैदान शांत झालं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग वर्षभराचा आढावा झाला. प्रगतिपथ झाला. आणि शेवटी साहेब हात जोडून म्हणाले, "आपली प्रश्न विचारणारी ताई आज आपल्यात नाही. त्यांच्या स्मृतीला मान म्हणून यंदा प्रश्नोत्तरं नकोत." लोकांनी माना हलवल्या. काहींनी डोळे पुसले. मी हात वर केला होता, तो कार्यकर्त्याने हळूच खाली घेतला. "मॅडम, आज नको, प्लीज. बरं दिसत नाही."

मी मैदानातून निघाले. तशीच जिना चढून विलासभाऊंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. पुस्तक टीपॉयवर पडलं होतं, न उघडलेलं. "मग? विचारलंस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, वेळ मिळाला नाही." यापेक्षा जास्त सांगायची हिंमत झाली नाही. ते आत गेले, पाणी घेऊन आले.

अर्धा पेला. त्या घरात पाहुण्याला भरलेला पेला कधीच मिळाला नाही. उरलेलं पाणी मोरीत जायला नको म्हणून ताई अर्धाच द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "लागलं तर अजून देते हं, संकोच करू नकोस." विलासभाऊ पेला ठेवून माझ्यासमोर उभे राहिले आणि तेच म्हणाले, अगदी त्याच शब्दांत. "अजून देते हं"सुद्धा तसंच. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मी प्यायले. तहान होती अजून... पण मागितलं नाही.