सरपंचबाईंच्या गावची ग्रामसभा

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी राज्यशास्त्राची पुस्तकं पहिल्यांदा निवांत वाचायला लागले. मागच्या हिवाळ्यात पंचायतीतल्या महिला आरक्षणावरचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं. वाढता सहभाग, वाढता आत्मविश्वास, वगैरे. वाचून बरं वाटलं. अमरावतीत मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बाळापूरजवळच्या एका गावात सरपंच झाली होती. ग्रामसभा बघायला येते, असं तिला कळवलं आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. पुढे एसटी, मग ऑटो.

पंचायतीत सरपंचाच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. ठराव तोच मांडत होता, मंजूरही तोच करत होता. ती खाली सतरंजीवर, बायकांमध्ये पदर घेऊन. कागद समोर आला की सही करायची. वर्गात माझ्याशी हुज्जत घालणारी हीच का ती मुलगी? माझं डोकंच फिरलं. उभी राहून विचारलं, "या गावाचे सरपंच नेमके कोण?"

कोणीतरी हसलं. नवरा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तिले घरचंच लय काम असते. म्हणून मी पाहून राहिलो."

सभा संपल्यावर तिनं मला बाजूला नेलं. मला वाटलं, आभार मानेल.

"काहून बोलल्या तुमी, मॅडम? तुमी आता अमरावतीले जासान. मले इथंच राहा लागते."

परतताना पुस्तक उघडलंच नाही. लेखकाचा राग आला, तिच्या नवऱ्याचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. पोरींकडून कलमं पाठ करून घेतली. खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला ‘ऊठ’ कसं म्हणायचं, ते कधी शिकवलं? मला तरी कुठे येत होतं?

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. गावाच्या टोकाच्या वस्तीत नळ नव्हता. त्याचा ठराव पुढच्या सभेत तिनं स्वतः मांडला आणि बायकांनी हात वर करून मंजूर करून घेतला. मी आनंदानं ओरडलेच.

"थांबा, मॅडम. ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिवलं, सरपंचपतींच्या प्रयत्नानं ठराव मंजूर."

"मग?"

"मी सही नाई केली. परत लिवा म्हटलं. पंधरा दिस झाले, अजून लिवूनच राहिले."