अठरा दिवसांचा पलंग

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आईला जमिनीवर बसायला, झोपायला बंदी केली. आई आयुष्यभर सतरंजीवर झोपली. महापालिकेच्या दवाखान्यात आया होती तेव्हा तिनं परक्या माणसांच्या किती खाटांवरच्या चादरी बदलल्या असतील, पण स्वतःसाठी पलंग कधी घेतला नाही. आता सकाळची वंदना खाली बसून करता येणार नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. मी मात्र खुशीत होते. धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांत आईचा हक्काचा पलंग येणार होता.

कोथरूडमधल्या एका मोठ्या दुकानात आम्ही दोघी गेलो. मालक स्वतः पुढे आला. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, पलंगाची उंची तिच्या गुडघ्याशी लावून दाखवली. म्हणाला, "आजी, सागवान आहे. नातवंडांची लग्नं झाली तरी हा हलणार नाही." विचार करून सांगते म्हटलं, तर संध्याकाळी त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पलंगाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, प्युअर सागवान, पाच वर्षं वॉरंटी. दुसऱ्याच दिवशी मी पैसे भरून आले.

पलंग अठरा दिवस टिकला.

रविवारची दुपार होती. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. आतून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग आई पडल्याचा. धावत गेले तर पलंगाची एक बाजू खाली बसली होती आणि आई फरशीवर, ऑपरेशनच्याच गुडघ्यावर. मी तिला उचलायला वाकले तेव्हा ती कण्हली नाही. म्हणाली, "मी काही केलं नाही गं. नुसती बसले होते."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. नवा पलंग माझ्या आईच्या अंगाखाली मोडला, आणि माफी मागितल्यासारखं तीच बोलत होती.

हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा सुजला आणि चालण्याचे व्यायाम महिनाभर बंद झाले. आमच्या इमारतीखाली एका सुताराचं दुकान आहे. त्याला वर बोलावलं. त्यानं मोडलेली फळी हातात घेतली, पटाशीनं वरचा पापुद्रा सोलला आणि आतला भाग नखानं कुरतडला. "ताई, ह्ये सागवान न्हाई. भुसा दाबून केलेली फळी हाय. वर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलाय. स्क्रू धरणार कशात?"

मी त्याच दिवशी दुकानात गेले. या खेपेला खुर्ची मिळाली नाही. मालकानं मोबाइलवरचे मोडक्या पलंगाचे फोटो लांबूनच पाहिले आणि म्हणाला, "आजींनी उडीबिडी मारली असेल."

"माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. काठी घेऊन चालते."

"अहो, वापरायची वस्तू आहे, मोडते कधी कधी. आणि बिल आपण वाचलेलं दिसत नाही." त्यानं बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शेजारी दुसरं एक जोडपं सोफा पाहत होतं, म्हणून तो आवाज चढवत नव्हता. आपण, आपल्याला, कृपया. इतक्या सभ्य भाषेत माझा अपमान कुणी केला नव्हता. आणि मी गप्प बाहेर पडले. परतताना बसमध्ये त्याच्याइतकाच स्वतःचाही राग आला.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. उत्तर द्यायचं नसेल तर पत्र कसं लिहायचं, हे मला माहीत आहे. म्हणजे उत्तर घ्यायचंच असेल तर कसं लिहायचं, हेही माहीत असायला हवं होतं. मी ग्राहक कायदा काढून वाचला. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा आहे, असं त्यात लिहिलं आहे. ज्या ओळीवर बोट ठेवून त्यानं मला गप्प केलं, ती ओळ कायद्यापुढे टिकणारी नव्हती. किती जण ती वाचून मुकाट्यानं घरी गेले असतील, या विचारानं माझं डोकं आणखी तापलं.

नोंदणीकृत टपालानं नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, वकील न लावता. बिल, व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, डॉक्टरांचे कागद, सुताराचं शपथपत्र. ऑफिसातले लोक म्हणाले, कशाला एवढ्यासाठी चकरा मारतेस, दुसरा घे. त्यांचाही राग आला. तारखा पडत राहिल्या. कधी त्याचा वकील गैरहजर, कधी त्याला मुदत हवी. प्रत्येक तारखेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकत होते.

शेवटच्या सुनावणीला आई हट्टानं आली. वकिलानं युक्तिवाद केला की पलंगावर क्षमतेपेक्षा जास्त भार पडला. मी पिशवीतून मोडलेली फळी काढून टेबलावर ठेवली. तिच्या कडेतून भुसा सांडला. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी तो बोटानं चाचपून पाहिला आणि आईकडे वळून विचारलं, "आजी, तुमचं वजन किती?"

आई काठी टेकून उभी राहिली. "अठ्ठेचाळीस किलो. दवाखान्याच्या कागदावर आहे. आणि मी उडी मारली नव्हती."

वकील कागद चाळत राहिला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पलंगाची पूर्ण किंमत व्याजासह, उपचारांचा खर्च, त्रासाची भरपाई. दीड वर्ष गेलं होतं. मधल्या काळात मी आईसाठी साधा लोखंडी पलंग आणला होता. पहिले काही दिवस ती त्यावर बसण्याआधी हातानं दाबून बघायची. ते बघवत नसे.

पैसे द्यायला मालक आला नाही, त्याचा माणूस आला. डिमांड ड्राफ्टसोबत त्यानं एक टाइप केलेला कागद सही करायला पुढे केला. त्यात लिहिलं होतं, मालात दोष नव्हता, केवळ ग्राहकाप्रती सद्भावना म्हणून ही रक्कम देत आहोत.

"ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, मॅडम," तो म्हणाला.

मी पेन घेतलं. ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खोडली. कागद फाटेपर्यंत दाबून, दोनदा. खाली लिहिलं, आयोगाच्या आदेशानुसार रक्कम मिळाली. मग सही केली आणि त्याच्यासाठी दार उघडलं.