ज्याला मी धुकं म्हणत होते

आमचं गाव महागाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. शाळेच्या खिडकीतून डोंगर दिसतो. हिवाळ्यात तो सकाळी दहा वाजेपर्यंत धुरकट असायचा. मी भूगोल शिकवते. एकवीस वर्षं मुलांना सांगत आले, हे धुकं. कोणी उलट विचारलं नाही.

मागच्या वर्षी विज्ञानाला नवीन बाई आल्या. घाटावरच्या तांड्यातली मुलगी, वय माझ्या निम्मं, रोज स्कूटीवर खाली यायची. आठवड्याभरात मुलं तिच्याभोवती गोळा होऊ लागली. मला ते सहन होईना. विज्ञानाच्या कपाटाची किल्ली मी महिनाभर सापडत नाही म्हणून सांगितलं. ती पर्समध्येच होती.

डिसेंबरात तिने मुलांना सकाळी अंगणात ओला पांढरा रुमाल टांगायला सांगितला. धुक्याने रुमालावर काळे कण येत नाहीत, हे तिचं म्हणणं मुलांनी माझ्याच वर्गात येऊन ऐकवलं. रुमालही दाखवले. मी त्यांना पुस्तक उघडायला लावलं.

खरा घाव घरात बसला. सासूबाईंना दमा. पहाटे फिरायला जाऊ नका, असं मी किती वर्षं सांगत होते, त्या ऐकत नव्हत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ही मुलगी घरी आली. सासूबाईंचा खोकला ऐकून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, रात्री जमीन थंड होते, तिच्याजवळची हवा थंड होऊन खालीच बसते. वरची हवा गरम राह्यते, म्हणून चुलीचा, कचऱ्याचा धूर वर जातच नाही. मी रोज घाटातून उतरतो, मले डोळ्यानं दिसते. उन्हं चढली का जमीन तापते, मंग थो मोकळा होते. तवा फिरा."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई दहानंतर फिरू लागल्या. मी टोमणा मारलाच, की माझं कधी ऐकलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू नुसतं नको म्हणते. तिनं काहून ते सांगतलं."

त्या दिवशी मी जेवले नाही.

तिला खोटं पाडायचं, या एकाच विचाराने रविवारी सकाळी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली. निमित्त, तिची शाळेत राहिलेली वही द्यायची. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी थांबवली. वर ऊन स्वच्छ होतं. खाली गाव नव्हतंच. करडा थर सपाट पसरलेला, त्यातून फक्त पाण्याची टाकी वर आलेली. धूर सरळ वर चढत होता आणि एका उंचीला अडून आडवा होत होता. सगळ्यात जाड धूर नाल्याकाठच्या एका शेतातून निघत होता. कापसाची वेचणी झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या तिथे पेटवल्या होत्या.

नवऱ्याने तिकडे बोट दाखवलं. "ते आपलंच वावर हाय," म्हणाला.

तांड्यात तिच्या आईने चहा दिला. मी अंगणात बसून मोठे श्वास घेतले आणि त्या हवेचाही मला हेवा वाटला. वही दिली. कशाला आलो होतो ते सांगितलं नाही.

उरलेल्या पऱ्हाट्या आम्ही जाळल्या नाहीत. यंत्राने बारीक करून वावरातच टाकल्या. शेजारचे अजून जाळतात. चुली आहेत, डांबरी रस्त्याच्या कामाची धूळ आहे. डोंगर यंदाही धुरकट दिसतो. सासूबाईंचा खोकला थोडा कमी आहे, एवढंच.

यंदा हिवाळ्यात शाळेत तपासणीला साहेब आले. माझ्या वर्गातल्या मुलांनी धुराचा थर फळ्यावर काढून समजावला. साहेब खूश झाले, म्हणाले, बाई, छान शिकवलंत. ती दाराशीच उभी होती. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं.

"यांनी शिकवलं," मी म्हणाले. "मलासुद्धा."

ती हसली. साहेबांनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत माझा जीव जळत राहिला.