पाव्हण्यांचा स्लॅब

मानसिंग रणवरे यांनी वालचंदनगरच्या कंपनीत एकतीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. ओतकामातून आलेला लोखंडी भाग, म्हणजे जॉब, त्यांच्यासमोर यायचा, ते हातोडीनं टणकन वाजवून बघायचे, आवाज खोटा आला की लाल खडूनं फुली. एकदा फुली पडली की मोठा साहेब येऊन गयावया करू लागला तरी ती पुसली जायची नाही. लोक मागं त्यांना ‘फुलीवाला’ म्हणायचे आणि तोंडावर रणवरेसाहेब. त्यांना दोन्ही नावं आवडायची.

रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते भवानीनगरच्या पलीकडं, कालव्याकडेच्या आपल्या वस्तीवर राहायला आले. दोन एकर ऊस, एक म्हैस, बायको छबूबाई आणि नोकरीत असताना दुसऱ्यांवर सोपवून बांधून घेतलेलं तीन खोल्यांचं घर, एवढा संसार. त्यातल्या मधल्या खोलीच्या स्लॅबनं मान टाकली होती. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या, प्लास्टर सुटत होतं. एका दुपारी ताटाएवढा तुकडा खाली आला तो थेट छबूबाईंच्या पलंगावर. बाई नेमक्या म्हशीला पाणी दाखवायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. स्लॅब फोडून नवा टाकायचा, हे त्याच दिवशी ठरलं.

ठरवणं सोपं असतं, माणूस मिळणं अवघड. बारामतीचा एक कॉन्ट्रॅक्टर आला, टेपनं मापं घेतली, दोन कप चहा प्याला, ‘उद्या माणसं पाठवतो’ म्हणाला. त्याचा उद्या दीड महिना चालला. इंदापूरकडचा दुसरा आला, तो म्हणाला फोडायची गरजच नाही, वरून केमिकल मारू आणि खालून चापूनचोपून प्लास्टर करू. मानसिंगरावांनी काठीनं स्लॅब ठोकून त्याला आवाज ऐकवला. त्यानं कानाडोळा केला. मानसिंगरावांनी त्याला गाडीपर्यंत सोडलं आणि परत बोलावलं नाही.

ही हकिकत सोयऱ्यांच्या कानावर गेली आणि खरी पंचाईत झाली. मानसिंगरावांची एकुलती लेक माधवी बारामतीजवळच्या एका गावात दिलेली. ऋषिराजशी लग्न होऊन तीन वर्षं झालेली. तिचे सासरे नागेशराव, ती त्यांना मामा म्हणायची, स्वतःच बांधकामाचे ठेकेदार. त्यांचा फोन आला तो तडकलेलाच.

“पाव्हणं, मी मेलोय का? घरचा माणूस असताना तुमी दारोदार हिंडताय व्हय? लोकं काय म्हणतील?”

मुलीकडचा माणूस जन्मभर कमरेत वाकलेला असतो. ही रीत ज्यानं काढली त्याला एकदा असल्या स्लॅबखाली झोपवला पाहिजे. पण मानसिंगरावांनी ती मोडली नाही. “तुमचंच घर हाय पाव्हणं, तुमी म्हणाल तसं,” असं ते बोलून गेले. कामाचं काही लिहून घ्यायचं नाही, काय माल वापरणार ते विचारायचं नाही, हेही त्यात आपोआप आलं. पाव्हण्यांना कागदावर सही मागणार कोण?

पाव्हण्यांची माणसं आली, जुना स्लॅब फुटला, फळ्या लागल्या, खाली टेकू उभे राहिले. सळई बांधून झाली त्या संध्याकाळी मानसिंगराव शिडीवरून वर गेले. सहा इंचांवर हवी ती सळई नऊ इंचांवर बांधली होती आणि सगळी जाळी फळ्यांना चिकटून पडली होती. सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे द्यायचे असतात, म्हणजे ती काँक्रीटच्या पोटात राहते, तिला हवा लागत नाही, ती गंजत नाही. ठोकळा एकही नव्हता. जुना स्लॅब ज्या दुखण्यानं गेला तेच दुखणं नव्याला जन्माबरोबर मिळत होतं.

ते मुकादमाला हाक मारणार, तेवढ्यात खालून छबूबाईंचा आवाज आला.

“अवं, खाली या. चहा निवतोय.”

चहा नुसता निमित्ताला होता. स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं.

“काय दिसलं असंल ते पोटात ठेवा. लेक हाय तितं. तुमी हितं एक शब्द बोलला तर त्येचे चार होऊन तिच्या अंगावर पडतील.”

त्या रात्री मानसिंगरावांना जेवण गेलं नाही. पहाटे मात्र ते उठले, घमेल्यात वाळलेल्या सिमेंटचे तुकडे गोळा केले, शिडी चढले आणि बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत एकेका सळईखाली एकेक तुकडा सरकवत गेले. दोन तास लागले. हातांना सळयांनी ओरखडे काढले. चोरी करावी तसं त्यांनी स्वतःच्या घराचं काम नीट केलं. आठ वाजता माणसं आली, जाळीवरून दणादणा चालली आणि निम्मे तुकडे लाथेनं उडाले. ‘ही कसली घाण पडलीया,’ असं म्हणून एकानं उरलेलेही वेचून खाली टाकले.

स्लॅब भरायच्या दिवशी नारळ फुटला, मिक्सर घरघरू लागला. वाळू मातकट होती. माल लवकर सरकावा म्हणून पोरं त्यात पायपानं पाणी सोडत होती. माल दबवायचं मशीन आलंच नव्हतं, एकजण सळईनं इकडंतिकडं टोचत होता. मानसिंगराव तोंडात गुळणी धरून अंगणात उभे. त्यांच्यासमोर कंपनीत असा माल आला असता तर त्यांनी तो आणणाऱ्यालाच गेटबाहेर काढला असता.

दुपारी नागेशराव गाडीतून उतरले. पांढरेशुभ्र कपडे, खिशात दोन फोन. त्यांना पाट मांडला, पुरणपोळीचं जेवण झालं, टॉवेल-टोपी झाली. रीतीत कुठं काही कमी पडलं नाही. पान खाऊन झाल्यावर त्यांनी फोन काढला आणि व्हिडिओ चालू करून मानसिंगरावांच्या तोंडासमोर धरला.

“पाव्हणं, दोन शब्द बोला. मोठ्या कंपनीत तपासनीस हुता तुमी. तुमच्या तोंडनं आलं म्हंजे आमच्या धंद्याला वजन येतंय.”

शेजारपाजारचे चार लोक बघत होते. मानसिंगरावांनी छबूबाईंकडं पाहिलं. बाईंनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

“काम एक नंबर झालंय,” मानसिंगराव म्हणाले. “आमी समाधानी हाय.”

टाळ्या पडल्या. मानसिंगरावांचे कान तापले होते. लेकीसाठी एवढं करावंच लागतं, असं त्यांनी मनाला समजावलं आणि मनानं ते निम्मंशिम्मं मानलं.

स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलं, तर तिसऱ्या दिवशी ते खालच्या फळ्यांतून ठिबकू लागलं. नवव्या दिवशी टेकू न्यायला टेम्पो आला. एवढ्या मोठ्या खोलीचे टेकू दोन आठवडे तरी हलवायचे नसतात. मानसिंगरावांनी धीर करून फोन लावला.

“पाव्हणं, आणखी पाच-सा दिस ऱ्हाऊ द्या की टेकू.”

“अवं, दुसऱ्या साइटवर माणसं खोळंबल्यात माजी!” नागेशराव हसले. “आन् तुमीच जगाला सांगितलंय एक नंबर म्हणून. आता तुमालाच भरवसा न्हाय व्हय?”

टेकू गेले. फळ्या निघाल्यावर स्लॅबची खालची बाजू दिसली. जागोजाग खडी उघडी पडली होती, दोन ठिकाणी सळई हाताला लागत होती. छबूबाईंनी पलंग होता तिथंच, बाहेरच्या पडवीत राहू दिला.

पुढच्या रविवारी माधवी एकटीच एसटीनं आली. फोन नाही, निरोप नाही. ‘ये बाई’ म्हणून छबूबाई पाणी घेऊन आल्या, तर ती तांब्या तसाच ठेवून सरळ मधल्या खोलीत गेली आणि मान वर करून बघत उभी राहिली. खडीवरून बोट फिरवायला ती स्टुलावर चढली. उतरली तेव्हा बोटाला माती लागली होती.

“आबा, तुमाला हे दिसलं न्हाय?”

“दिसलं.”

“मग?”

मानसिंगराव भिंतीला टेकले. “तुज्यासाठी गप बसलो, माधवी. तुला तितं नांदायचं हाय.”

माधवी स्टुलावर बसली. बराच वेळ ती बोटावरची माती चोळत राहिली.

“हितं आलेली वाळू आधी आमच्या अंगणात पडली हुती. निम्मी मातीच. मी मामांना म्हणलं, माझ्या बापाच्या घराला असला माल लावू नका. सासूबाई हुत्या, दीर हुते, ऋषिराज हुता, समद्यांसमोर म्हणलं. तीन वर्सांत पैल्यांदा तोंड उघडलं मी. म्हणलं, लावलात तर माझा बाप परत धाडील, त्येंनी आयुष्यात खोटं काम पास केलं न्हाय.”

“मग पाव्हणं काय म्हणलं?”

“काय चिडले न्हाईत. म्हणले, बघू तुझा बाप काय म्हणतोय. मी रोज वाट बघत हुते, आबा. आज फोन येईल, उद्या येईल. तुमी काम थांबवलं म्हणून मामा आरडाओरडा करतील, मला चार शब्द बोलतील, मी ते झेलायची तयारी करून बसले हुते.” ती थांबली. “मग एक दिस जेवताना त्येंनी तुमचा व्हिडिओ लावला. मी वाढत हुते. दोनदा लावला.”

आपल्या गप्प बसण्यानं लेकीवर पांघरूण घातलं, असं मानसिंगराव इतके दिवस समजत होते, आणि प्रत्यक्षात तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. त्यांनी खिशातून फोन काढला.

“आत्ताच्या आत्ता सांगतो त्येंना. समदं सांगतो.”

माधवीनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

“आता न्हाय. आता बोललात तर मी येऊन शिकवलं म्हणतील. बोलायचं ते तवा हुतं.”

छबूबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. “जाच करत्यात का गं तुला?”

“न्हाय आई. कोण काय बोलत न्हाय.”

“आन् जावईबापू?” मानसिंगरावांनी विचारलं.

“त्यानं रात्री विचारलं, खोटं कोण बोलतंय, तुझा बाप का तू?” माधवी उठली, पदर सारखा केला. “मी म्हणलं, मी.”

दुपारची साडेतीनची गाडी गाठायची होती. मानसिंगराव तिला स्कूटरवरून फाट्यावर घेऊन आले. ऊसतोडणीच्या गाड्यांची रांग कारखान्याकडं सरकत होती, तिच्या कडेकडेनं स्कूटर हाकावी लागत होती. फाट्यावर उतरल्यावर माधवी मिठाईच्या दुकानासमोर थांबली.

“पाव किलो पेढं घेते, आबा. मोरगावला गणपतीला जाते म्हणून सांगून आलीय. परसाद न्हाय नेला तर इचारतील.”

“मी घेतो,” मानसिंगराव म्हणाले.

दुकानदारानं पेढे खोक्यात भरले, दोरा बांधला. खोक्यावर लाल अक्षरांत दुकानाचं आणि भवानीनगरचं नाव छापलेलं होतं. लांबून एसटी दिसत होती. मानसिंगरावांनी खोकं उलटसुलट करून बघितलं, दोरा सोडला आणि ते दुकानदाराला म्हणाले, “ह्ये नगं. साध्या कागदात बांधून द्या.”